धोंड्याच्या जेवणाला रंगलेली नखं

आता माझ्याच तोंडानं काय सांगायचं! पण च्या घ्या, सांगतो. अवो, एका माणसाच्या बुटांवर जळून मी माज्या पायांची पार वाट लावून घेतली!

तो माणूस म्हंजी आमचा साडू. पुण्यात कचेरीत कारकून. कायम बूट, पांढरं मोजं. आमी मुळशीचं भातवालं. लावणीचा चिखल तुडवून माजी नखं पिवळी, जाड, कुजल्याली. त्यात अधिक श्रावण आला, आन सासुरवाडीचं धोंड्याच्या जेवणाचं आवतान! सासूबाई दोघा जावयांना शेजारी बसवून पाय धुणार. बुटातलं त्याचं पाय लोण्यावानी आसणार, आन शेजारी माजी ही खुरं? जळफळाट झाला नुसता!

पौडच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडर म्हनला, "हे जांभळं औषध रोज लावा. नवं नख यायला वरीसभर लागंल."

"वरीस? धोंडा आठ दिसांवर हाय!"

"मग तसं नखाला सांगा!"

चुलती म्हनली, बिब्बा घाल. शेजारीण म्हनली, मेंदी बांध. आता ह्यातलं खरं कुटलं, कसं कळावं? म्हनलं, समदंच लावून बघू! डाव्या पायाला जांभळं, उजव्याला मेंदी, आन दोनी आंगठ्यांना बिब्बा.

बायको वराडली, "अवो, बिब्बा उततो! आन माजा दाजी काय तुमची नखं बघाया येतोय व्हय?"

"तू गप! लई कौतुक हाय दाजीचं!"

बिब्बा उतला. आंगठं वांग्याएवढं झालं.

धोंड्याच्या दिशी लंगडत पाटावर बसलो. सासूबाईंनी पाय परातीत घेतलं आन तांब्या हातातच ऱ्हायला.

"अगं बया! पाव्हणं, रंगपंचमी खेळून आलाय व्हय?"

घरात ही खसखस पिकली! मला तोंड लपवाया जागा न्हाई.

शेजारी साडूनं मोजं काढलं. बघतो तर काय! धाच्या धा नखं पिवळी, भुगा झाल्याली! सासूबाईंनी गुमान धुतली, कुंकू लावलं. त्यांना कुणाच्या नखाचं काय पडलंय?

साडू माज्या कानाला लागला. "साडूभाऊ, दिवसभर बूट घालून नखं पार कुजली हो. तुम्ही काय काय लावलंय? सांगा ना, पाया पडतो!"

सांगायला माजा काय जीव जात हुता? पण मनात आलं, ह्याची नखं माज्या आदी बरी झाली तर?

जांभळा पाय त्याच्या म्होरं तसाच ठेवून मी म्हनलं, "औषध? कसलं औषध? मला तर कायबी झाल्यालं न्हाई!"