शेवटचे चाळीस सेकंद

“अच्छा, पण देव बोलत काहून नाही?”

मागच्या खुर्चीवरच्या काकांनी शेजारच्यांना हळूच विचारलं. मी लॅपटॉपपाशी पाठमोरी बसले होते. वळले नाही.

रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये पाळक आणि मंडळीतले दोन काका माझी फिल्म पाहत होते. पसंत पडली तर ईस्टरच्या संध्याकाळी ती सगळ्यांना दाखवणार होते. ती दाखवायला दुसरी जागा उरली नव्हती. विज्ञानपटांच्या एका महोत्सवाने ती फार धार्मिक आहे म्हणून परत पाठवली होती.

फिल्म अठरा मिनिटांची. परग्रहावर एकटी राहिलेली बाई रोज ठरल्या वेळी रेडिओवरून पृथ्वीला हाक मारते. रेडिओ बंद पडतो, तेव्हा ती त्याच वेळी, त्याच जागी बसून प्रार्थना करू लागते. शेवटी चाळीस सेकंद फक्त हेल्मेटमधला श्वास.

परग्रह म्हणजे बरगी धरणाचं पाणी उतरल्यावर उघडी पडलेली, भेगाळलेली माती. बाई मीच. कुणाला सोबत बोलवायचं जमलं नाही. स्टँडवर मोबाईल सुरू करून धावत जायचं, हेल्मेट घालायचं, बसायचं. पहिल्या काही टेकमध्ये नुसती धाप ऐकू येत होती. म्हणून श्वास शांत होईपर्यंत बसून राहायला लागले, आणि त्या बसण्यात कधीतरी खरंच प्रार्थना करू लागले. दूर एक मच्छीमार होडी थांबवून पाहत होता. थोड्या वेळाने तोही गेला.

फिल्म संपली. पाळकांना आवडली होती. फक्त शेवटी देवाचं उत्तर यायला हवं, नाहीतर लोक उदास होऊन घरी जातील, असं ते म्हणाले. मागच्या काकांचा आवाज भारदस्त. नाताळच्या नाटकात पडद्यामागून देवाचा आवाज नेहमी तेच देतात. दोन ओळी मी बोलून देतो, ते म्हणाले. दुसऱ्या काकांनी टोमणा मारला, “देवाचा रोल ये किसी और को थोड़ी देंगे.” सगळे हसले. मीही हसले. आमच्या या हिंदी शहरात माझं मराठी घरापुरतं, आणि चर्चमध्ये मी बहुतेक मान हलवूनच बोलते.

“तर मग पुढच्या रविवारी रेकॉर्ड करून टाकू, बेटा?” काकांनी विचारलं.

मान हलायला लागली होती. मी ती थांबवली.

“नको, काका. मी प्रार्थना करते तेव्हा मला काहीच ऐकू येत नाही. तरी मी रोज बसते.”