नळाला पाणी येण्याची शक्यता

आमच्या गावात घराला कुलूप लावून सगळ्यांनी एकदम बाहेर पडणं ही चैन होती. जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नव्वदचं दशक सरत आलेलं, आणि नळाला पाणी केव्हा येईल हे कुणालाही माहीत नसायचं. कधी आठवड्यानं यायचं, कधी पंधरवड्यानं. कधी पहाटे, कधी भर दुपारी. आलं की तासाभरात जायचं. त्या तासाला घरात माणूस नसलं, तर पुढचे कितीतरी दिवस शेजाऱ्यांच्या हौदाकडे बघत काढायचे. म्हणून प्रत्येक घरात एक माणूस पाण्यासाठी ठेवलेलं असायचं. आमच्या घरात ते माणूस मी होते.

आई अंगणवाडीत आणि वडील छापखान्यात. औरंगाबादच्या कॉलेजात माझं कॉम्प्युटरच्या पदवीचं शेवटचं सत्र होतं. त्यात वर्ग नव्हते, फक्त प्रोजेक्ट.

"घरी बसूनच करायचंय ना ते?" आई म्हणाली. "मंग बस घरी. नळाकडं ध्यान राहील."

अशी मी नळाला बांधली गेले. लायब्ररीत जायचं तरी परवानगी नळाची. मैत्रिणीच्या लग्नाला टेंभुर्णीला जायचं होतं. तिथेही आईच गेली, कारण त्या आठवड्यात पाणी "आज-उद्या" होतं.

वडील छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. गावातल्या प्रत्येक चळवळीचं पत्रक त्यांच्या हातून गेलेलं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर माझा अभ्यास व्हायचा, आणि कंटाळा आला की मी कागद उलटून छापलेली बाजू वाचायचे. वाचनाची गोडी मला तिथेच लागली. पत्रकात माणूस एक तर लढतो, नाही तर विकला जातो. मधलं काही नसतं. एकदा मी लिहून दिलेल्या मजकुरात ‘बहुधा’ शब्द होता. वडलांनी तो काढून टाकला.

"‘बहुधा’ जुळवायला माझ्याकडं खिळे न्हाईत," ते म्हणाले.

अशा घरातल्या मुलीनं प्रोजेक्टला फझी लॉजिक, म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’च्या मधलं मोजणारं गणित, निवडावं याचं माझ्या सरांना नवल वाटलं नाही, कारण त्यांना माझं घर माहीत नव्हतं. मला मात्र वाटलं होतं. पुस्तकात उदाहरण होतं कपडे धुण्याच्या मशीनचं. कपडे ‘मळके’ की ‘स्वच्छ’ एवढंच न विचारता, ते किती अंशी मळके आहेत हे मशीन ठरवतं आणि तेवढं पाणी घेतं. आमच्या नळाला पंधरा दिवसांत पाणी नाही आणि मी हे वाचत बसलेली. मला हसूही आलं आणि संतापही. मी सरांना सांगितलं, मी नळ घेते.

"पाणी येतं किंवा येत नाही," सर म्हणाले. "यात फझी काय आहे?"

मी त्यांना आमच्याकडे पाणी कसं येतं ते सांगितलं. आधी नळातून नुसती हवा सुसू करते. मग लाल गढूळ थुंकी पडते. मग दोरीएवढी धार धरते, तुटते, परत धरते. त्या वेळी गल्लीतून हाक येते, "आलं का?" आणि घराघरातून उत्तर जातं, "आल्यासारखं झालंय." सर, हे उत्तर शून्य नाही आणि एकही नाही.

सर हसले आणि त्यांनी सही केली.

आमच्या न कळण्यात दोन गोष्टींची गल्लत होती. एक, उद्या पाणी येणार की नाही. याला संभाव्यता लागते. आई पाणी आलेल्या दिवसाला कॅलेंडरवर गोल करायची. जुनी कॅलेंडरं काढून मी दोन गोलांमधलं अंतर मोजलं आणि इतके दिवस कोरडे गेल्यावर पुढच्या दिवसाची शक्यता किती, हे मांडलं. दुसरी गोष्ट लोकांच्या बोलण्याची. ‘लवकरच’, ‘बहुतेक’, ‘थोडं थोडं’ या शब्दांना काठ नसतो. ‘लवकर’ नेमकं कुठे संपतं आणि ‘उशीर’ कुठे सुरू होतो? फझी लॉजिक म्हणतं, काठ शोधू नका, शब्दाला वजन द्या.

गल्लीला पाणी सोडायची चावी फिरवणारा माणूस रोज सायकलवर गल्लीतून जायचा. त्याला विचारलं की तो काही ना काही बोलायचा, आणि मी त्याच्या शब्दांना वजनं दिली. ‘बघू’ म्हणाला तर बऱ्यापैकी आशा. ‘वरून सुटलं की सोडतो’ म्हणाला तर त्याहून जास्त. ‘शंभर टक्के’ म्हणाला तर मी सगळ्यात कमी वजन द्यायचे, कारण शंभर टक्के तो फक्त पिच्छा सोडवायला म्हणायचा.

"ताई, काय लिहून राह्यल्या?" त्यानं एकदा विचारलं.

"तुम्ही किती खोटं बोलता ते."

"मंग कागद कमी पडंल तुम्हाला," तो म्हणाला आणि पायडल मारत गेला.

दोन्ही आकडे एकत्र केले की शेवटी एक शब्द बाहेर पडायचा: कमी, मध्यम किंवा जास्त. आमच्या दारावर लहानपणीची पाटी टांगून मी रोज सकाळी तो शब्द लिहू लागले. माझा हेतू साधा होता. लोक कोंडून बसले आहेत, त्यांना निदान एवढं कळावं की आज बाहेर पडायला हरकत नाही.

झालं उलटं. ‘कमी’ असलं की लोक बाहेर पडत, ‘जास्त’ असलं की थांबत, हे ठीक होतं. पण बहुतेक दिवस ‘मध्यम’चे होते. पाटी नव्हती तेव्हा बाया नशिबावर हवाला ठेवून बाजारात जाऊन यायच्या. आता ‘मध्यम’ वाचून उंबऱ्यातच थांबायच्या. समोरच्या किराणा दुकानाच्या भाभी, त्यांचं घर पिढ्यांपूर्वी राजस्थानातून इकडे आलेलं, पाटी वाचून सुनेला आतूनच हाक द्यायच्या, "बहू, चप्पल काढ. मध्यम आहे."

मी गल्लीचा कोंडवाडा आणखी पक्का केला होता, आणि तोही बिनचूक हिशेबानं.

तेव्हा वडलांनी पाण्याच्या ऑफिसावर मोर्चा काढायचं ठरवलं. मजकूर मी लिहिला. तीन ओळी होत्या, आणि मला अजून त्यांचा अभिमान आहे. "पाणी वाढवून नको. फुकट नको. फक्त वार सांगा." वार ठरला असता तर बाया उरलेले दिवस मोकळ्या झाल्या असत्या, आणि मी औरंगाबादला जाऊन प्रोजेक्ट पुरा केला असता. माझी पाटीही त्या दिवशी मेली असती. मला ती मरायलाच हवी होती.

आदल्या संध्याकाळी वडील हात धुता धुता म्हणाले, "उद्या पाटीवर ‘कमी’ लिही."

"का?"

"‘मध्यम’ वाचून एक बाई घराबाहेर पडणार न्हाई. तुलाच माहीत आहे."

"पण उद्याचं मध्यमच येऊन राह्यलंय."

"येऊ दे की. पोलीस पकडणार हाय का तुझ्या कॉम्प्युटरला?"

"आणि माझ्या भरवशावर बाया आल्या अन् इकडं पाणी सुटलं तर?"

"एक खेप बुडंल. वार मिळाला तर कायमच्या सुटतील. तूही सुटशील."

"तुम्हीच म्हणता, लोकांना खोटं सांगून चळवळ होत न्हाई."

"ते छापलेल्याचं म्हणतो मी," वडील म्हणाले. "हे खडूचं आहे. पुसता येतं."

मला हसू आलं नाही. सकाळी मी ‘मध्यम’ लिहिलं. मध्यमच होतं. माझं मत आजही तेच आहे.

बाया घागरी घेऊन निघाल्या होत्या. त्या पाटीपाशी थांबल्या, वाचलं, एकमेकींकडे पाहिलं आणि परतल्या. माझ्या आईनं मोर्चासाठी रजा टाकली होती. तिनंही पाटी वाचली.

"तू जा," ती म्हणाली. "मी थांबते."

कितीतरी दिवसांनी मी गल्लीच्या बाहेर पडले. पाण्याच्या ऑफिसात आम्ही जेमतेम टेबलाभोवती मावू एवढेच होतो: वडील, छापखान्यातले त्यांचे दोन सोबती, मी, आणि एक म्हातारी, जिच्या घरी नळच नव्हता. साहेबांनी पत्रक वाचलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला.

"वार कसा देऊ? वरून कधी सुटतं ते मलाच ठाऊक नसतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पण तुमच्या गल्लीत पाटी लागते म्हणे. बराबर सांगते असं ऐकलंय. गल्लोगल्ली लावा ना अशा पाट्या. खडूचा खर्चा आम्ही करू."

मी म्हणाले, "साहेब, ते तुमच्या कारभाराचं मोजमाप आहे. कारभार नाही."

"तेच तर. लोकांना अंदाज आला की तक्रार राहत नाही."

वडलांनी चहा घेतला नाही. ते माझ्याकडे पाहत होते, रागानं नाही, एखाद्या जुळवलेल्या ओळीत चूक कुठे आहे हे शोधताना पाहायचे तसे.

त्या दिवशी पाणी आलंच नाही. रात्री जेवताना मी वडलांना समजावू लागले की यानं ‘मध्यम’ चुकीचं ठरत नाही, एका दिवसावरून शक्यता खरी की खोटी हे सांगता येत नाही, बऱ्याच दिवसांचा मेळ घालावा लागतो. ते जेवत राहिले. मी सांगत होते ते अगदी बरोबर होतं, आणि त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पाटीवर लिहिलं, "वार सांगितल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

भाभी रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी दोनदा वाचलं.

"बेटा, हे आम्हाला पण माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आज काय ते सांग."

"माहीत नाही, भाभी."

"असं कसं? कालपर्यंत तर माहीत होतं."

भाभींनी पदराच्या टोकानं माझं वाक्य पुसलं, खडू उचलला आणि सावकाश, मोठ्या अक्षरांत ‘मध्यम’ लिहिलं. मग सुनेला हाक मारून त्या आत गेल्या. मागून आणखी दोघी आल्या, वाचलं, आणि बाजाराच्या पिशव्या घडी घालून परतल्या.

मी दार लावून घेतलं आणि नळासमोर बसले.