त्या रविवारची साक्ष

आज लेकीनं तापानं पडलेल्या जावयासाठी पेज केली. गरम पेजेत तूप सोडल्याचा वास आला आणि मला थेरगावच्या आमच्या जुन्या घरातला तो रविवार आठवला.

माझा नवरा शमुवेल चाकणच्या एका कंपनीत कामाला होता. यकृताच्या आजारानं तो अंथरुणाला खिळला, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. मी मात्र उपास धरून प्रार्थना करत होते. त्या सकाळी त्यानं आपणहून पेज मागितली, चाटूनपुसून खाल्ली आणि हसून म्हणाला, "तू जा उपासनेला. साक्ष दे. सांग सगळ्यांना, प्रभूनं ऐकलं म्हणून."

सासूबाई त्याच्या उशाशी बसल्या. मी ठेवणीतली साडी नेसून चर्चमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर उभी राहिले. "माझा माणूस आज जेवला. प्रभूनं माझं ऐकलं," एवढं बोलेपर्यंत रडू फुटलं. सारी मंडळी हालेलूया म्हणाली. बायकांनी मला जवळ घेतलं.

घरी आले तर दारात शेजाऱ्यांच्या चपला पडल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "तुझी पाठ वळली आणि गेला गं तो."

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "देवाची इच्छा." तेव्हा वाटलं, माझाच विश्वास कमी पडला. आता तसं वाटत नाही. माणूस ठेवायचा की न्यायचा, हे देवाच्या हाती. तेही मी मान्य केलं. पण मी आभार मानायला उभी राहिले, तेव्हा शमुवेल गेलेला होता. देवाला ते ठाऊक होतं. तरी त्यानं मला बोलू दिलं.