जानेवारीतलं कातडं

काल कपाट आवरताना पोसम नावाच्या केसाळ प्राण्याचं ते जुनं कातडं हाती लागलं. झटकलं, तर मूठभर केस हातात आले, आणि त्या कुबट वासासरशी मला २०१३चा जानेवारी आठवला.

न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थ शहराच्या बाहेर, सापळे लावून जनावरं पकडणारा एक म्हातारा ट्रॅपर रस्त्याकडेला कातडी विकत बसला होता. समोर माझा नवरा मकरंद, शॉर्ट्स आणि तिकडच्या रबरी चपलांत, जँडल्समध्ये, नाकाला सनस्क्रीन फासून, घामाघूम.

"हे नका घेऊ," म्हातारा म्हणाला. त्यानं कातडं उलटून आतली निळसर बाजू दाखवली. "उन्हाळ्यातलं आहे, केस अजून कच्चे आहेत. दिवस लहान व्हायला लागले की जनावराला दाट केस येतात. जुलैपर्यंत ते पुरते वाढतात, घट्ट बसतात, कातडं आतून पांढरं होतं. तेव्हा या."

मकरंद हसला. "जगात कुठेही फर डिसेंबर-जानेवारीतच बेस्ट. मी वाचलंय!"

डोक्यावर तिकडच्या जानेवारीचं ऊन रणरणत होतं आणि या इंजिनिअरनं हिवाळासुद्धा पुण्याहून बॅगेत भरून आणला होता.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई, तो बोलला त्यातलं अक्षर न् अक्षर मला माहीत होतं. मी म्हणाले, "मकरंदला कळतं त्यातलं."

"स्वीट अ‍ॅज," असं तिकडचं 'ठीक आहे' म्हणत त्यानं कातडं गुंडाळून दिलं.

तेव्हा मला मकरंद मूर्ख वाटला होता आणि मी स्वतः समंजस. अजूनही तो पाहुण्यांना सांगतो, "ते जनावरच रोगट होतं." आणि मी, एम.एस्सी., चहा टाकायला आत जाते.