बासष्ट टक्क्यांवरची मारामारी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला बाजारात सगळे 'सबूर' म्हणत. कुणी काहीही बिघडवून आणलं तरी त्याचा पहिला शब्द तोच. पंचेचाळिशीपर्यंत त्याने कुणावर आवाज चढवला नव्हता. बायकोच्या मते हा सज्जनपणा नसून आळस होता.

पत्रे कापायच्या त्या कारखान्यात मात्र मारल्याशिवाय काही चालत नसे. फोरमन म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा दीर. मशीन अडलं की तो आधी लाथ घाली, मग मेन स्विच पाडून पुन्हा चढवी. दहांत नऊ वेळा मशीन चालू होई. माणसांवरही इलाज हाच, गुण थोडा कमी.

बाईंनी नवं कटिंग मशीन आणलं, तर कॉम्प्युटर चालवणारं जुनं लिनक्स त्याला ओळखच देईना. त्यांनी सबूरला बोलावलं. नवं लिनक्स चढवायचं, पण कापणीचा प्रोग्राम जागेवर ठेवून. तो बाईंच्या वारलेल्या नवऱ्याने लिहिलेला, आणि त्या एका कॉम्प्युटरात इतका मुरलेला, की नक्कल दुसरीकडे उघडेना.

"हा गेला तर कारखान्याला कुलूप," बाई म्हणाल्या.

दुपारी अपग्रेड बासष्ट टक्क्यांवर थांबलं. वीस मिनिटं. चाळीस. फोरमन उठला.

"अडकलंय. मेन पाडतो."

"जरा सबूर. आत्ता वीज गेली तर ना जुनं राहील, ना नवं."

"मला शिकवतोस? वीस वर्षं मशीनं हाकतोय मी!"

सबूर स्विचच्या आडवा उभा राहिला. पहिल्या ठोशात चष्मा गेला, दुसऱ्यात पुढचा दात. मग फोरमनने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. चुन्यावर रक्त उमटलं. कामगार जमले. एकाच्या मनात मध्ये पडायचं आलं, ते मनातच राहिलं. शेवटी फोरमनचा हात खांद्यावरून स्विचपर्यंत पोचला, तेव्हा सबूर त्याच्या मनगटाला कडकडून चावला. फोरमनने पोटात गुडघे घातले, मूठभर केस उपटले. सबूरने उरलेले सगळे दात कामाला लावले होते.

"त्रेसष्ट!" स्क्रीनसमोरून बाई किंचाळल्या.

तासाभराने प्रोग्राम उघडला. पहिला पत्रा बाईंनी स्वतः मापला आणि त्यावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

मनगटाला सात टाके घालून फोरमन परतला. पत्रा उलटासुलटा करून पाहिला.

"ऑफिसातला कॉम्प्युटरही जुनाच आहे," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

सबूरने तोंडातला कापूस काढला. "करू की. तुम्ही त्या दिवशी रजा घ्या, भाऊ."

बाईंनी रजा जागेवर मंजूर केली.