शंभर टक्के गावाचं पदक

"मॅडम, उद्या येताना घरून थोडी चिंच आणा. ही पदकं जरा घासून काढा."

साहेब असं म्हनले. भर ऑफिसात, सगळ्यांसमोर. मी मोजणी खात्यात भूकरमापक. म्हंजी जमीन मोजनारी, नकाशा काढनारी. परीक्षा देऊन लागले, कुनाच्या मेहेरबानीवर न्हाई. टेबलावर माझी कामं पडलेली, आन् साहेबानं काचंच्या कपाटातली काळी पडलेली पदकं एका ताटात घालून माझ्याफुडं सरकवली.

शिपाई आप्पा उठले. "साहेब, मी करतो की."

"तुम्ही रगडून टाकाल, आप्पा. यांच्या हाताला सवय असते." आन् मग हसून म्हनले, "घरकामाची म्हणतोय मी. गैरसमज नको."

गैरसमज! लई लाडका शब्द ह्यांचा. आधी तोंडावर चिखल उडवायचा, मग म्हनायचं गैरसमज नको. ऑफिसात आनखी दोन बाया व्हत्या. त्यांच्या घरी काय भांडी न्हाईत? त्यांना न्हाई सांगितलं, मला सांगितलं. का, ते मला कळलं, त्या दोघींना कळलं, आप्पांना बी कळलं. आप्पा परत स्टुलावर जाऊन बसले.

ऑफिस कुठलं ते सांगत न्हाई. शिरूर-दौंडकडची मानसं वळखायचं ते वळखतील. मी राहू गावची. बौद्ध. भाऊ रांजणगावला कंपनीत, शिफ्टमधी. आन् हे मी बोलते तसंच लिहितेय. परीक्षेत शुद्ध लिहून दाखवलं, सरकारचं समाधान झालं. आता जरा माझं व्हऊ द्या.

तर घासली पदकं. चिंचंचा कोळ, मीठ आन् जुनं फडकं. घासता घासता वाचत गेले. एकावर रानीचं तोंड. एकावर दाढीवाल्या राजाचं. मग सिंह आले आन् खाली देवनागरी अक्षरं आली. मुंडकं बदललं, बाकी सगळं त्येच. एक पदक डोंगरी मुलूख मोजला म्हनून. एक दुष्काळात मोजणी थांबवली न्हाई म्हनून. लोकं अन्नावाचून मरत व्हती आन् ह्यांची जमीन मोजायची साखळी चालू व्हती, त्याची शाबासकी! वा रे वा.

साखळी वढली कुनी? हद्दीचे दगड रवले कुनी? झेंडा घेऊन काट्याकुट्यातनं फुडं कोन पळालं? माझा पनजा पळाला. गावची शीव राखायचं काम आमच्याच लोकांकडं व्हतं. साहेब घोड्यावर आन् पनजा घोड्याम्होरं. त्याला काय मिळालं म्हनता? पितळी बिल्ला. पट्ट्याला अडकवलेला, लांबनंच कळावं म्हनून की हा कुनाचा नोकर. तसला बिल्ला कपाटात न्हाई. कपाटात फकस्त घोड्यावरची मानसं.

ही घासाघीस कशासाठी? खात्याचा कार्यक्रम व्हता. पदकांच्या गौरवशाली इतिहासाचं प्रदर्शन, आन् त्याच स्टेजवर आमच्या साहेबांना नवं पदक. ड्रोननं सगळ्यांच्या आधी गावठाणं मोजली, शंभर टक्के, म्हनून. त्या शंभर टक्क्यातलं एक गाव मी मोजलं व्हतं. त्याचं सांगते.

ड्रोन उडवायच्या आदल्या दिवशी गावात चुना मारायचा असतो. ज्याचं घर त्यानं आपल्या हद्दीवर उभं राहायचं, शेजाऱ्यानं व्हय म्हनायचं, आन् आम्ही भुईवर पांढरी रेघ मारायची. दुसऱ्या दिशी वरनं फोटू निघतो. फोटूत रेघ दिसती. रेघंवरनं नकाशा, नकाशावरनं घराचा कागद. रेघ न्हाई तर घर न्हाई.

आन् ह्या चुन्याची बी एक रीत हाय. कुठं लिहिलेली न्हाई, पन पाळत्यात सगळे. सुरुवात चावडीपासनं. मग देऊळ, मग पाटलाची आळी, मग बाकीच्या आळ्या. वढा आला की चुना संपतो. गोन्या कितीबी आना, वढ्यापाशी संपतोच. वढ्यापल्याड आमच्या लोकांची वस्ती असती.

भीमाकाठच्या त्या गावात असंच झालं. वस्तीत भागाआत्या म्हनून एक म्हातारी. कुनाची कोन न्हाई, पन सगळी तिला आत्याच म्हनत्यात. पहाटंपासनं अंगन सारवून, कडंला दगड मांडून उभी राहिलेली. शेजारनीशी हातभर जाग्यावरनं तिचं जुनं भांडान. भांडान असंल तिथं रेघ मारत न्हाईत असं तिला कुनीतरी सांगितलं, म्हनून बयेनं त्याच सकाळी पड खाऊन ते मिटवलं. हातभर जागा सोडून दिली. रेघंसाठी.

मी साहेबांना म्हनले, "सर, वढ्यापल्याडची घरं राहिलीत. चुना हाय गाडीत."

"ते जुन्या गावठाणाच्या नकाशात नाही."

"घरं हायत की. घरपट्टी भरत्यात."

"मॅडम, मला शंभर टक्के दाखवायचंय. उद्या इथं उडवून ड्रोन लगेच दुसऱ्या गावाला जाणार. यांचं नंतर बघू."

नंतर! आमच्या लोकांची सगळी कामं ह्या नंतरमधी पडलेली हायत. मी गोनी उचलायला गेले तर साहेबानं ड्रायव्हरला सांगून गाडीला कुलूप घातलं. आन् गाडीला टेकून पाटलाकडचा चहा पीत उभा राहिला. गोनी आत, मी भाईर. वढ्यापल्याडनं भागाआत्या हात करत व्हती, या म्हनून. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

सकाळी ड्रोन उडाला. वढाबिढा त्याला काय ठावं? गेला सरळ वस्तीवरनं. भागाआत्या लुगडं नीट करून अंगनात उभी राहिली, फोटूत यावं म्हनून. आली बी. त्या फोटूत वस्ती आरशासारखी दिसती. पत्रे, टाकी, निळा झेंडा, सगळं. पन रेघ एकबी न्हाई. म्हनून नकाशावर काय आलं? मोकळी जागा. यंत्राला दिसली ती मानसं साहेबाला न्हाई दिसली.

मी लेखी दिलं. साहेबानं वाचलं आन् त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

पदकं घासून झाली तवा साहेबानं मला केबिनमधी बोलावलं. ताटाकडं बघून म्हनले, "छान लखलखीत केलीत हो." मग म्हनले, "अभिनंदन. टीममध्ये तुमचंही नाव घातलंय. तुम्हालाही पदक."

"मला कशाला, सर?"

"महिला आहात, मागासवर्गीय आहात. वर बरं दिसतं. आणि ते वस्तीचं आता थांबवा. पदक मिळालेल्या माणसाला तक्रारी शोभत नाहीत."

आत्ता कळलं. गळ्यात अडकवलं की घसा बंद! वर ह्यांच्या फोटूत एक काळी बाई पाहिजे, तोंडी लावायला. भागाआत्याचं घर गिळायचं आन् माझ्या गळ्यात पितळ घालून ढेकर द्यायची. किळस आली. त्या मानसाचा राग बी आला न्हाई मला, किळस आली.

घरी आई मातर खूश. "घे की गं. आपल्यात कुनाला मिळालंय आजवर?" तिनं शेजारी सांगून बी टाकलं. ह्या मेल्यांनी तिच्या आनंदात बी हात घातला, त्येच्या मला जास्त यातना झाल्या.

कार्यक्रमाला गार हवंचा हॉल. मी घासलेली पदकं काचंखाली, मखमलीवर, लायटीत. लोकं बघून च्यक च्यक करत व्हती. सूत्रसंचालक दर नावाला चारोळ्या म्हनत व्हता. स्टेजच्या मागं त्याच गावाचा ड्रोनचा फोटू, भिंतीएवढा. वस्ती डाव्या कोपऱ्यात.

माझं नाव पुकारलं. मी गेले. पुण्याचे मोठे साहेब हातात पदक घेऊन उभे.

"मान खाली करा, मॅडम. रिबिन घालायचीय."

माझी मान खाली झाली न्हाई. मुद्दाम केलं असं म्हनत न्हाई. आधी ती झालीच न्हाई, मग मी व्हऊ दिली न्हाई.

"साहेब, हे घालू नका," मी म्हनले. सूत्रसंचालकाच्या माईकात ते गेलं, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "मागचा फोटू बघा. डावा कोपरा. वढ्यापल्याड घरं हायत, एकालाबी रेघ न्हाई. हे गाव शंभर टक्के मोजलेलं न्हाई. खोट्या कामाचं पदक मी घेत न्हाई."

मोठ्या साहेबांनी वळून बघितलं. बघितलं बरं का, नीट बघितलं. आन् हळूच म्हनले, "खाली उतरा. फोटो अडतोय."

फोटो अडतोय! घरं अडली ते चालतं. फोटो अडला न्हाई पाहिजे.

मी उतरले. फुडचं नाव आमच्या साहेबांचं. ते असे वाकले, असे वाकले, की रिबिन आपसूक गळ्यात पडली. टाळ्या झाल्या. मला लाज वाटली न्हाई. पयल्यांदाच न्हाई वाटली. त्या हॉलमधी लाज वाटायला पाहिजे व्हती ती दुसऱ्यांना, आन् ती त्यांच्या बापजन्मात वाटली न्हाई.

दुसऱ्या दिशी मी वस्तीत गेले. भागाआत्या दारात बसलेली.

"पोरी, तुला पदक मिळालं म्हनं?"

"घेतलं न्हाई, आत्या."

"आन् आमची रेघ?"

"न्हाई झाली."

ती उठली. अंगनाच्या कडंचा सरकलेला दगड परत जाग्यावर लावला. तिचं बी खरंच हाय. माझ्या मानंनं तिचं घर नकाशावर येत न्हाई. मी स्टेजवर ताठ राहिले, त्यात तिच्या पदरात काय पडलं? मला तिच्याकडनं शाबासकी नको व्हती, आन् तिनं ती दिली बी न्हाई.

नोटीस आलीय. खात्याची प्रतिमा मलीन केली म्हनून. ह्यांची प्रतिमा! बदली करनार असं बी कानावर येतंय. करा. मी फेरमोजणी मागितलीय, माझ्या नावानं, माझ्या सहीनं. ग्रामसभेत सगळी वस्ती उभी राहनार हाय. खातं मला उत्तर द्यायला पाठवंल, तर मी तिथं खात्याच्या इरुद्ध बोलनार. आन् न्हाई पाठवलं तर रजा टाकून जानार, वस्तीच्या बाजूला उभी राहनार. त्या गावाच्या नावाफुडं शंभर टक्के लिहिलंय, ते मी, साहेबांनो, तुमच्याच हातानं खोडायला लावनार.

भागाआत्याच्या अंगनाला रेघ पडंस्तवर मला तुमच्या हातचं काय बी नको. शाल नको, नारळ नको, गोड बोलनं तर त्याहून नको. चुना घेऊन या.