आईच्या खोलीतली ओल

गेल्या मंगळवारी सकाळी साडेसहाला मोबाइल वाजला. स्क्रीनवर होतं, ‘आईची खोली : आर्द्रता ८४ टक्के. खोली हवेशीर करा.’

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. दिवसकार्य निपाणीला करून आम्ही सोमवारीच बेंगळुरूला परतलो होतो; तोवर घरातली वीज, वायफाय सगळं बंदच होतं. खोलीचं दार बंद, खिडकी बंद... आत कुणीच नाही.

आम्ही हेब्बाळला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाबा गेल्यावर मी आईला निपाणीहून इकडे आणलं. यंदा पावसाळ्यात माझ्या मुलीला, ईराला, सारखी धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, घरात कुठे ओल, बुरशी आहे का बघा. आईच्या कपाटामागे भिंत काळी पडलेली सापडली.

मी पडलो इंजिनिअर. लगेच प्रत्येक खोलीसाठी सेन्सर मागवला. हवेतला दमटपणा वाढला की एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू, आणि दिवसभराचा आलेख मोबाइलवर. आठवड्याभरात चोर सापडला असं मला वाटलं. बाकीच्या खोल्या ठीक, पण आईच्या खोलीतली रेषा रोज सकाळी सहा ते सात सरळ वर चढायची.

सहा वाजता आई आंघोळ करून सोवळ्याचं लुगडं धुवायची आणि खोलीत छताजवळच्या दांडीवर काठीने वाळत घालायची. दुसऱ्या दिवशी पूजेला तेच नेसायचं, तोवर कुणाचा हात लागायला नको. लग्न झाल्यापासूनचा नेम.

मी दांडीच काढून टाकली. म्हटलं, युटिलिटीत, स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत वाळत घाल. तिथे सगळ्यांचे कपडे, सगळ्यांचे हात... सोवळं राहणार कसं? ते तिलाही कळत होतं आणि मलाही.

“सरी, बरं बाबा. पोरीपेक्षा काय मोठं आहे?” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून साध्या साडीत पूजेला बसायला लागली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रेषा काही खाली येईना...

“आई, तू अजून गुपचूप खोलीत वाळत घालतेस ना?”

“नाही रे.”

मी मोबाइल तिच्यासमोर धरला. “हे बघ. मशीन खोटं बोलत नाही.”

तिने चष्मा लावून तो आलेख नीट पाहिला. मग म्हणाली, “मशीन म्हणतंय तर असेल बाबा.” आणि देवाजवळ जाऊन बसली. बायको माझ्यावर जाम चिडली. मी तिलाही ऐकवलं... डेटा आहे.

त्यानंतर आई ओला टॉवेलसुद्धा खोलीत नेत नसे. न्हायली की हॉलमध्ये पंख्याखाली बसून केस वाळवायची, पाहुण्यासारखी. महिन्याभराने हार्ट अटॅकने गेली. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचलो नाही.

तर मंगळवारी मी ती खोली उघडली. फॅन एकटाच फिरत होता. कपाट सरकवून भिंतीवर हात ठेवला, तर भिंत कोमट लागली. मी तसाच प्लंबरला फोन लावला.

प्लंबर मंजण्णाने वरच्या घरात जाऊन टाइल फोडली आणि जिन्यातूनच ओरडला, “सर, बिसिनीर पैप लीक आगिदे!” गरम पाण्याचा पाइप भिंतीच्या आत गळत होता. वरचे दोघं नवरा-बायको महादेवपुऱ्याला ऑफिसला जातात, लवकर निघावं लागतं. त्यांच्या आंघोळी रोज सहा ते सात.

सेन्सर खरंच खोटं बोलला नव्हता. हवेत ओल आहे, एवढंच तो सांगत होता. ती आईची आहे, हे मी ठरवलं होतं. तिला विचारलं तेव्हा ती खरं बोलली होती, आणि मी तिच्यापेक्षा माझ्या आलेखावर विश्वास ठेवला... हे आता कुणाला सांगू? माफी मागायला माणूसच उरलं नाही.

पाइप बदलला. भिंत हळूहळू सुकतेय, ईराचा श्वासही थोडा मोकळा वाटतोय. आईच्या खोलीतली रेषा आता दिवसभर सपाट असते. ती सपाट रेषा बघवत नाही.

रविवारी मी दांडी परत बसवली. आंघोळ केली, ट्रंकेतलं तिचं लुगडं काढून धुतलं आणि काठीने वर वाळत घातलं. मला ते नीट पसरता येईना, दोनदा खाली आलं. ईरा दारातून विचारत होती, “बाबा, मी हात लावू?” म्हटलं, “नको गं... आजीचं सोवळ्याचं आहे.”

थोड्या वेळाने मोबाइल वाजला. ‘आईची खोली : आर्द्रता ७१ टक्के. खोली हवेशीर करा.’

या वेळी ती ओल खरंच तिची होती. मी फॅन बंद केला आणि लुगडं वाळेपर्यंत तिथेच बसून राहिलो.